कुलाब्याची नोंदवही आणि आजचा सर्व्हर

रायपूरच्या तेलीबांध्याहून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय. या मालिकेत आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, रसद आणि रस्तेही पाहिले. आजचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. विषय आहे नोंद. संगणकाच्या भाषेत ज्याला लॉग म्हणतात, ती.

हा विषय सुचला तो माझ्या पुतणीमुळे. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या दिवाळीत आमच्याकडे आली होती. संध्याकाळी आम्ही दोघं तेलीबांधा तलावावर फिरायला गेलो. रायपूरकर या काठाला हौसेनं मरीन ड्राइव्ह म्हणतात. आम्ही पुरती एक फेरीही मारली नव्हती, तोच तिचा फोन वाजायला लागला. तिच्या कंपनीचं दवाखान्यात नंबर लावायचं अ‍ॅप आहे. लोकांच्या तक्रारी येत होत्या की अ‍ॅप अडकतंय. तिथंच बाकावर बसून तिनं लॅपटॉप उघडला.

तासाभरानं मी विचारलं, "काय गं, सापडलं का?"

"काका, बोर्डावर सगळं हिरवं दिसतंय. सरासरी वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास. आणि लोक म्हणतात, आठ-आठ सेकंद गोल फिरत राहतं. लॉग बघायला गेले तर नुसता ढीग. लाखो ओळी आहेत, आणि हवी ती ओळ नाही."

मी सिग्नलमधला माणूस. निम्मं आयुष्य वायरलेस सेटच्या शेजारच्या लॉगबुकात गेलं. तिचं वाक्य ऐकलं आणि मनात म्हटलं, हा रोग जुना आहे. यावरचं औषधही जुनं आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या मुंबईत, कुलाब्याला तयार झालेलं आहे. आजची गोष्ट त्या कुलाब्याची. शेवटी थोडी माझ्या स्वतःच्या चुकीचीही आहे.

ओंडका, दोरी आणि रोजकीर्द

लॉग म्हणजे इंग्रजीत लाकडाचा ओंडका. मग नोंदीला हे नाव कसं पडलं? शिडाच्या जहाजांवर वेग मोजायचं यंत्र नव्हतं. खलाशी लाकडाचा एक तुकडा दोरीला बांधून मागं पाण्यात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचं छोटं घड्याळ उलटं करायचं आणि ते रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात. म्हणून जहाजाचा वेग आजही नॉटमध्ये सांगतात. ही मोजणी ज्या वहीत उतरवायची ती लॉगबुक.

या वहीत वेगासोबत दिशा, वारा आणि वेळ हे सगळं ठरलेल्या वेळी लिहिलं जाई. समुद्रात खुणेला झाड नाही, डोंगर नाही. आपण कुठं आहोत हे कळायला एकच मार्ग होता. कुठून निघालो, किती वेळ, कुठल्या दिशेनं, किती वेगानं आलो याची बेरीज करायची. मधली एक नोंद चुकली की पुढचं सगळं गणित चुकलं, आणि जहाज खडकावर. म्हणजे लॉग ही मुळात हौसेची डायरी नव्हती, जीव वाचवायची वही होती.

आपल्याकडेही ही शिस्त होती. पेशव्यांच्या दप्तरात रोजकीर्द असे. त्या त्या दिवशी जे जमा झालं, जे खर्ची पडलं, ते त्याच क्रमानं लिहायचं. त्यावरून मग खतावणी व्हायची, म्हणजे एकेका खात्याखाली सगळं एकत्र. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतल्या कागदांचे हजारो रुमाल आहेत, आणि इतिहास संशोधक आजही त्यात डोकं घालून बसतात. ज्या कारकुनानं एखाद्या जासुदाला दिलेले दोन रुपये लिहिले, त्याला माहीत नव्हतं की त्या ओळीवरून कुणीतरी पुढं एका मोहिमेची तारीख ठरवणार आहे. त्यानं फक्त दोन रुपये खरे लिहिले, आणि त्याच दिवशी लिहिले.

रोजकीर्द आणि खतावणी हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं लागणार आहेत.

कुलाब्याची वेधशाळा

ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा बांधली. सुरुवातीचा उद्देश आकाश पाहायचा आणि जहाजांना अचूक वेळ पुरवायचा. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार हे त्या कामाचे प्रमुख होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. आणि तिथं मदतनीस म्हणून लागला एक पोरसवदा मुलगा, केरू लक्ष्मण छत्रे. हेच पुढं केरूनाना छत्रे झाले, 'ग्रहसाधनांची कोष्टके' लिहिणारे, लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे. त्यांच्या तरुणपणाची जवळजवळ दहा वर्षं या नोंदींच्या कामात गेली.

काम काय होतं? अंधाऱ्या खोलीत एक चुंबक टांगलेला. पृथ्वीचं चुंबकत्व जरा बदललं की तो किंचित वळतो. तो किती वळला ते मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं. दर तासाला. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, सणावारी. बहुतेक वेळा आकडा काल होता तसाच. मंडळी, रात्री तीन वाजता तोच आकडा पुन्हा लिहायचा कंटाळा काय असतो, हे ज्यानं पहारा दिलाय त्यालाच कळेल.

पण त्यांची एक पद्धत मला फार आवडते. एरवी नोंद तासाला. चुंबक अस्वस्थ झाला, म्हणजे आकडे भराभर बदलायला लागले, की नोंद पंधरा मिनिटांनी, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी. शांततेत थोडं लिहायचं, गडबड सुरू झाली की जास्त लिहायचं. आजच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे शिकवायला अभ्यासक्रम लागतात. कुलाब्यात हे १८५९ मध्ये चालू होतं.

त्या वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होता. अचानक डागांच्या जागी पांढरा झगझगीत प्रकाश दिसला आणि पाचेक मिनिटांत विरला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन आदळलं. तारायंत्रांच्या तारांत आपोआप वीज खेळायला लागली, काही ठिकाणी चालकांना झटके बसले. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडमधल्या तारवाल्यांनी तर बॅटरी काढून ठेवली आणि नुसत्या त्या आकाशातून आलेल्या विजेवर संदेश पाठवले. ध्रुवाकडे दिसणारा रंगीत प्रकाश थेट कॅरिबियनपर्यंत दिसला.

युरोपातल्या काही वेधशाळांत तेव्हा फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होत असे. कुलाब्यापेक्षा नवीन तंत्र. पण वादळ एवढं मोठं होतं की रेघ कागदाच्या बाहेर गेली. नेमक्या मोक्याच्या वेळी कागद कोरा. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या खोलीत माणूस बसलेला होता, आणि तो आकडे लिहीत राहिला. शांत दिवशी दिवसभराचा चढउतार शंभर नॅनोटेस्लाच्या आतला. त्या सकाळी आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली गेला आणि मग हळूहळू वर आला. लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असणं शक्यच नव्हतं. सूर्यावरच्या घटनेचा मुंबईतल्या चुंबकाशी संबंध काय, हे तेव्हा जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

ती वही पुढं १४४ वर्षं थांबली. २००३ साली अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लाखिना, शोभना अ‍ॅलेक्स वगैरे शास्त्रज्ञांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि जगापुढं मांडले. १८५९ चं वादळ नेमकं किती मोठं होतं, याचा मोजलेला पुरावा म्हणून आज कुलाब्याचे आकडे घेतले जातात. १९८९ मध्ये अशाच, पण यापेक्षा लहान वादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. उद्या १८५९ सारखं वादळ आलं तर उपग्रहांचं आणि वीजवाहिन्यांचं काय होईल, हा हिशेब करताना मुंबईतल्या त्या सकाळची नोंद समोर ठेवावी लागते.

या गोष्टीत एक पोटगोष्ट आहे. १६०० हा आकडा त्या क्षणाचा. २००६ साली काही शास्त्रज्ञांनी म्हटलं की आजची वादळं आपण तासाच्या सरासरीनं मोजतो, तर हेही तसंच मोजून बघू. त्यांनी कुलाब्याच्या आकड्यांची तासाची सरासरी काढली आणि उत्तर आलं सुमारे ८५०. वही तीच, वादळ तेच, आणि आकडा जवळजवळ निम्मा. दोन्ही खरे आहेत. पण चुंबकाला जो धक्का बसला तो १६०० चा होता. सरासरीत तो दिसत नाही. कुलाब्यावाल्यांनी नुसती तासाची सरासरी लिहून ठेवली असती, तर १६०० हा आकडा आपल्याला कधीच कळला नसता. त्यांनी कच्चे आकडे ठेवले, म्हणून दोन्ही गणितं करता आली.

ट्राम आली, वेधशाळा निघाली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार असं ठरलं. तिचा प्रवाह जमिनीत झिरपणार आणि कुलाब्याचा चुंबक ट्रामच्या तालावर नाचणार, हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, या पदावर आलेले पहिले भारतीय. त्यांनी चुंबकीय नोंदींचं काम समुद्रापलीकडं अलिबागला हलवलं. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं.

पण मूस यांनी लगेच कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी एकाच वेळी चालू ठेवल्या. का? कारण नव्या जागेचा आकडा जुन्या जागेपेक्षा थोडा वेगळा येणारच. तो फरक किती, हे एकदा नीट कळलं की जुनी आणि नवी माळ एकत्र ओवता येते. नाहीतर १९०४ ला माळ तुटली असती, आणि आधीच्या साठ वर्षांची मेहनत वेगळी पडली असती. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तेव्हा ही ओवणी पुरी झालेली होती. मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या सगळ्या नोंदी १९१० साली छापून काढल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

आमच्या फौजेत याला चार्ज देणं-घेणं म्हणतात. जुना अधिकारी निघून गेल्यावर नवा आला, तर काहीतरी हरवणारच. दोघं काही दिवस बरोबर राहिले तरच चार्ज खरा.

संगणकाच्या पोटातली रोजकीर्द

आता संगणकाकडे येऊ. ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात बिघाड झाला. उघडून पाहिलं तर एका रिलेत पतंग अडकलेला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं लॉगबुकात चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली, पंधरा पंचेचाळीस. कुठल्या पॅनेलमध्ये, कितव्या रिलेत सापडला, तेही लिहिलं. बिघाडाला बग म्हणायची चाल त्याआधीपासूनच होती, म्हणून त्यांना गंमत वाटली की हा बग खरोखरचा किडा निघाला. ग्रेस हॉपर त्या चमूत होत्या, पुढं त्या अमेरिकी नौदलात रिअर अ‍ॅडमिरल झाल्या. नोंद बघा कशी आदर्श आहे: कधी, कुठं, काय, आणि पुराव्यासकट.

१९८० च्या दशकात बर्कलीच्या एरिक ऑलमननं सिसलॉग नावाची पद्धत आणली. प्रत्येक प्रोग्रॅमनं आपली नोंद एका ठरलेल्या साच्यात द्यायची, आणि प्रत्येक नोंदीला आठपैकी एक दर्जा द्यायचा. सगळ्यात वर इमर्जन्सी, म्हणजे यंत्रणाच कोसळली. मग अ‍ॅलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटीस, इन्फो, आणि तळाला डीबग, म्हणजे दुरुस्तीवाल्यासाठीची बारीकसारीक कुजबुज. आम्हा सिग्नलवाल्यांना हे नवीन नव्हतं. आमचे संदेशही फ्लॅशपासून रुटीनपर्यंत दर्जा घेऊनच येत. आणि आमचा जुना अनुभव असा की प्रत्येक मुख्यालयाला आपला संदेश फ्लॅशच वाटतो. सगळंच फ्लॅश झालं की काहीच फ्लॅश राहत नाही.

याची किंमत किती असते? १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेनं बाजार उघडण्याआधीच चूक दाखवणारे ९७ ईमेल आतल्या आत पाठवले. पण ते इशारा म्हणून कुणी वाचायचे, हे ठरलेलंच नव्हतं. बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. लॉगमध्ये सगळं होतं. पहाऱ्यावर कुणी नव्हतं.

आता माझ्या पुतणीच्या बोर्डाकडे वळू. अ‍ॅप्लिकेशन नीट चाललंय की नाही हे बघायला आजकाल तीन गोष्टी लागतात. पहिली लॉग, म्हणजे रोजकीर्द. काय घडलं ते घडलं तसं, क्रमानं. दुसरी मेट्रिक, म्हणजे खतावणी. मिनिटाला किती मागण्या आल्या, किती चुकल्या, उत्तराला किती वेळ लागला, यंत्र किती भरलंय. तिसरी ट्रेस. हिला मी टपालाचे शिक्के म्हणतो. पूर्वी पाकीट ज्या ज्या टपाल कचेरीतून जाई, तिथला तारखेचा शिक्का त्यावर बसे. पाकीट उशिरा आलं तर शिक्के बघून कळे, नागपुरात वेळ गेला की रायपुरात. आजचं अ‍ॅप एक नसतं, पाठीमागं दहा-वीस छोटी कामं चालतात. प्रत्येक मागणीला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा आणि ती जिथं जाईल तिथं तोच क्रमांक लिहायचा. मग तो क्रमांक शोधला की सगळा प्रवास समोर.

मी पुतणीला म्हटलं, "सरासरी बाजूला ठेव. शंभर माणसं धर. पंच्याण्णव जणांना उत्तर ०.२ सेकंदात मिळालं आणि पाच जणांना ८ सेकंदांनी. सरासरी काढ."

तिनं काढली. एकोणीस अधिक चाळीस, भागिले शंभर. ०.५९ सेकंद. बोर्ड हिरवा. आणि ते पाच जण दवाखान्याच्या नंबरासाठी स्क्रीनकडे बघत बसलेले.

ती हसली. "काका, पी नव्व्याण्णव लावायला हवं होतं." म्हणजे शंभरातला नव्व्याण्णवावा माणूस किती वेळ थांबला, तो आकडा. तो लावल्यावर हिरवा बोर्ड लाल झाला. मग ट्रेस उघडले. सगळे आठ सेकंदवाले एकाच ठिकाणी अडकत होते, एका डेटाबेसच्या दारात. पण दोन सर्व्हरच्या लॉगची सांगड बसेना. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असं दिसत होतं. शेवटी कळलं की एका सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं पुढं होतं. कुलाब्याची वेधशाळा मुळात जहाजांना वेळ पुरवायला बांधली होती, हे तेव्हा मला आठवलं. घड्याळ चुकलं की बाकीच्या नोंदी कितीही खऱ्या असोत, क्रम खोटा पडतो. आपल्या देशात सर्ट-इननं एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात हीच गोष्ट आहे. यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा आणि लॉग १८० दिवस सांभाळा.

मी जाळलेली पानं

आता माझी गोष्ट. व्हिडिओत सांगताना अडखळलो होतो, इथं नीट लिहितो.

१९८० च्या दशकात मी तरुण कॅप्टन होतो. एका डोंगरी ठाण्यावर संदेशवहनाचं केंद्र माझ्याकडे होतं. ऑपरेटर पाळीपाळीनं सेटवर बसत आणि लॉगबुकात लिहीत. वेळ, संदेश क्रमांक, कुणाकडून, कुणाला, सही. संदेशाचा मजकूर त्यात लिहायचा नाही, हा कडक नियम. आजही तो लागू आहे. २०१८ मध्ये ट्विटरला जाहीर करावं लागलं की चुकून लोकांचे पासवर्ड त्यांच्या आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले गेले होते. लॉग अनेकांच्या हाताखालून जातो, त्यात गुपित नको.

वार्षिक तपासणी जवळ आली. आमचं लॉगबुक म्हणजे चहाचे डाग, खाडाखोड, मधेच पेन्सिलीनं खरडलेल्या ओळी. मला लाज वाटली. मी हुकूम दिला: गेल्या तीन महिन्यांचा लॉग चांगल्या अक्षरात नव्या वहीत उतरवा, आणि जुनी पानं जाळून टाका. एका सुंदर अक्षराच्या जवानानं रात्री जागून ते केलं. तपासणीत वहीचं कौतुक झालं.

महिन्याभरानं चौकशी लागली. एक महत्त्वाचा संदेश आमच्याकडे रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी दिला होता, आणि तो पुढं गेलाच नाही, असं पलीकडच्या केंद्राचं म्हणणं. त्या वेळी सेटवर सातारकडचा एक नाईक होता. तो म्हणाला, "साहेब, आवाज तुटत होता. मी दोन वेळा से अगेन म्हणालो. पुन्हा काही आलंच नाही. मी लिवलं होतं साहेब, पेन्सिलीनं."

नव्या वहीत त्या वेळेला काहीच नव्हतं. उतरवणाऱ्यानं अशा सगळ्या ओळी गाळल्या होत्या. आवाज खराब, पुन्हा विचारलं, उत्तर नाही, बॅटरी बदलली. त्याला ते कचरा वाटलं. खरं सांगायचं तर मीच त्याला म्हटलं होतं, फालतू ओळी उतरवू नकोस.

चौकशीत मी सांगितलं की मूळ पानं माझ्या हुकमानं जाळली गेली. मला लेखी नापसंती मिळाली. पण त्यानं नाईकाचा दावा सिद्ध होत नव्हता. त्याला शिक्षा झाली नाही, मात्र ठपका राहिला आणि हवालदाराची फीत त्याला दीड वर्ष उशिरा मिळाली. तो मला काही बोलला नाही. बदली होऊन जाताना सलाम ठोकून एवढंच म्हणाला, "साहेब, मी लिवलं होतं." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे." त्याला ते पुरेसं नव्हतं, आणि मलाही नाही.

कुलाब्याची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो नाईक आठवला. १८५९ च्या त्या निरीक्षकाच्या वरिष्ठाला वाटू शकलं असतं, १६०० चा फरक? शक्य नाही, पोरगं झोपेत असेल, खोडून टाका. कुणी खोडलं नाही. माझ्या ठाण्यावर मी खोडलं.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि जे दुकान, सोसायटी, शेती किंवा दवाखाना चालवतात, त्यांच्यासाठी एवढं सांगतो. नोंद घडेल तेव्हाच लिहा, आठवून नंतर नको. घड्याळ जुळवून ठेवा. शांत दिवसांचीही नोंद ठेवा, कारण वादळ किती मोठं हे शांत दिवसाशीच मोजतात. सरासरीवर समाधान मानू नका, सगळ्यात जास्त थांबलेल्या माणसाचा आकडा विचारा. नवी यंत्रणा आणली तर जुनी काही दिवस शेजारी चालू ठेवा. ज्या इशाऱ्यावर कुणी उठणार नाही तो इशारा काढून टाका, आणि जो ठेवाल त्यावर माणसाचं नाव लिहा. लोकांची गुपितं लॉगमध्ये नकोत. जुन्या नोंदी कधी काढून टाकायच्या ते आधी ठरवा, आणि ठरलेल्या दिवसाआधी कच्ची पानं जाळू नका. ती गचाळ असतात, पण खरं काय घडलं ते तिथंच असतं.

पुतणीनं त्या रात्री अकराच्या सुमारास दुरुस्ती पाठवली. आम्ही घरी परत निघालो तेव्हा फराळ थंड झाला होता आणि तिची काकू चिडलेली होती. पुण्याला परतल्यावर तिचा फोन आला. बोर्डावर आता सरासरीच्या शेजारी पी नव्व्याण्णव कायमचं बसवलंय, आणि सगळ्या सर्व्हरची घड्याळं रोज तपासायला लावली आहेत, असं म्हणाली. मी तिला विचारलं, "आणि त्या रात्रीचे कच्चे लॉग?"

"ठेवलेत काका. जाळले नाहीत."

पुढच्या भागात आपण अलिबागहून थोडं खाली, जंजिऱ्याकडे जाऊ. तोवर नमस्कार. जय हिंद.